माजी विद्यार्थ्यांचा निधी कमानीसाठी नाही : आमच्या महाविद्यालयाच्या नियामक मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि नियामक मंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आपण केलेला ठराव महाविद्यालयाच्या सूचना फलकावर लागला आणि त्याची प्रत आम्हा माजी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली. माजी विद्यार्थ्यांनी उभा केलेला विद्यार्थी साहाय्य निधी महाविद्यालयाच्या सर्वसाधारण खात्यात वर्ग करावा, त्यातून प्रवेशद्वारावर जांभ्या दगडाची कमान आणि मागच्या बाजूला वातानुकूलित सभागृह बांधावे, आणि यापुढे ठरावीक रकमेहून अधिक देणगी देणाऱ्यालाच ‘यशस्वी माजी विद्यार्थी’ म्हणून गौरवावे, असे त्या ठरावात म्हटले आहे. हा ठराव मला मान्य नाही आणि तो मंडळाने मागे घ्यावा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आमच्यापैकी अनेकांनी याविषयी आपल्याला पत्रे पाठवली, काहीजण प्रत्यक्ष भेटूनही आले. लेखी उत्तर कोणालाच मिळाले नाही, म्हणून आता जाहीरपणे लिहावे लागत आहे. महाविद्यालयाचे नाव मात्र मी लिहीत नाही. आज तेथे शिकणाऱ्या मुलामुलींना ते नाव घेऊन नोकरीच्या मुलाखतीला जायचे आहे आणि मंडळाच्या एका ठरावामुळे त्या नावाला कमीपणा येऊ नये, असे मला मनापासून वाटते. शिवाय रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या इतर महाविद्यालयांतून शिकून गेलेल्यांनाही यातील बरेचसे ओळखीचे वाटेल.

मी या महाविद्यालयाची वाणिज्य शाखेची पदवीधर आहे आणि चिपळुणात सनदी लेखापाल म्हणून काम करते. माझे वडील दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होते आणि आई बाजारात मासळी विकत असे. पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला ओढून ठेवलेल्या असतात, घरात रोख पैसा येत नाही आणि नेमक्या त्याच दिवसांत नव्या वर्षाचे प्रवेशशुल्क भरायचे असते. एका वर्षी माझे शुल्क याच निधीतून भरले गेले. ते ज्यांच्या पैशातून भरले गेले त्यांची नावे मला आजही ठाऊक नाहीत, कारण घेणाऱ्याला देणाऱ्याचे नाव कळू नये हा निधीचा पहिल्यापासूनचा नियम आहे. पुढे कमावती झाल्यावर मीही त्यात दरवर्षी भर घालत आले. त्यामुळे या निधीविषयी बोलण्याचा अधिकार मला दोन्ही बाजूंनी आहे, असे मी मानते.

मंडळातील काही सदस्य नवे आहेत, म्हणून निधीतून प्रत्यक्षात काय होते ते थोडे सविस्तर सांगते. एस.टी.च्या विद्यार्थी पासावर 66.67 टक्के सवलत असते. उरलेला एक तृतीयांश हिस्सा विद्यार्थ्याला भरावा लागतो. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत हा पास मोफत मिळतो, पण पदवीच्या पहिल्या वर्षाला आलेली तीच मुलगी त्याच गाडीने, त्याच रस्त्याने पैसे मोजून येऊ लागते. लांबच्या वाडीवरच्या घरात मुलीचे शिक्षण थांबवण्याचा विचार अनेकदा याच टप्प्यावर होतो, आणि तो दोन-तीन महिन्यांच्या पासाच्या पैशांनी टळल्याची उदाहरणे आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. शासनाची शिष्यवृत्ती महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावरून येते, मात्र ती खात्यात जमा होईपर्यंत पुष्कळदा वर्ष सरत येते आणि परीक्षा अर्जाची मुदत तिच्यासाठी थांबत नाही. अशा वेळी निधी शुल्क भरतो. शिष्यवृत्ती आल्यावर विद्यार्थी ते परत करतो, आणि कोणाला जमले नाही तर त्याच्यामागे कोणी लागत नाही.

संकटाच्या काळात या निधीचे मोल अधिक कळले. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील आपल्या विद्यार्थ्यांच्या घरांवरची कौले आणि पत्रे उडाले, बागा आडव्या झाल्या, आणि पाठोपाठ ऑनलाइन वर्ग सुरू झाले, ज्यासाठी घरात वीजही नव्हती. 22 जुलै 2021 च्या महापुरात चिपळुणातील घराघरांत पुस्तकांबरोबर गुणपत्रिका, दाखले, जातीची प्रमाणपत्रे यांचा चिखल झाला. दुय्यम प्रती मिळवण्यासाठी कार्यालयांचे हेलपाटे आणि शुल्क या दोन्हींचा भार माजी विद्यार्थ्यांनी उचलला. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील भिजलेली पुस्तके धुऊन, पंख्याखाली पसरून वाळवली. 2021-22 च्या एस.टी. संपात लांबच्या गावांतील विद्यार्थ्यांना परीक्षेला येता यावे म्हणून रिक्षा चालवणाऱ्या आपल्याच माजी विद्यार्थ्यांनी फेऱ्या केल्या आणि इंधनाचा खर्च तेवढा निधीने दिला. यातील एकाही गोष्टीची कोनशिला बसलेली नाही.

आता माझ्या तक्रारी मांडते.

सर्वांत गंभीर तक्रार निधीच्या वापराविषयी आहे. हा पैसा देणाऱ्यांनी तो ‘गरजू विद्यार्थ्यांच्या साहाय्यासाठी’ असे लिहून दिलेला आहे. पावत्यांवर तो उद्देश छापलेला आहे आणि माझ्याजवळ माझ्या सगळ्या पावत्या आहेत. विशिष्ट उद्देशाने दिलेली देणगी त्याच उद्देशासाठी वापरणे हे विश्वस्तांचे पहिले कर्तव्य आहे. आपली संस्था 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली आहे; तिचे हिशेब दरवर्षी तपासले जातात आणि ते धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे जातात. विश्वस्तनिधीचा मूळ उद्देश बदलण्याची वेळ आलीच तर त्यासाठी कायद्याने वेगळी वाट आखून दिलेली आहे, आणि ती मंडळाच्या बैठकीतील हात वर करून झालेल्या ठरावापाशी संपत नाही. माझ्या व्यवसायात मी अनेक संस्थांचे हिशेब पाहते. पैशाची अफरातफर होत आहे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. सभागृहाचा पैसा सभागृहातच जाईल, याविषयी मला शंका नाही. पण एका मुलीच्या पासासाठी दिलेला रुपया खुर्चीच्या गादीला लावण्याचा अधिकार मंडळाला कोणी दिलेला नाही, एवढे मला स्पष्टपणे सांगायचे आहे. हे सांगताना मंडळाला कोर्टकचेरीची भीती घालण्याचाही हेतू नाही. आपल्यापैकीही अनेकजण याच वर्गांतून शिकून गेले आहेत.

‘कोकणातल्या माणसाचा हात आखडता आहे, मोठे काही दिसल्याशिवाय तो देत नाही,’ असे कमानीच्या बाजूने बोलताना म्हटले गेल्याचे ऐकले. हे म्हणणे आपल्या भागाच्या इतिहासाला धरून नाही. परळ-लालबागच्या चाळींतील गावोगावच्या मंडळांच्या खोल्यांत दाटीवाटीने राहून गिरण्यांत राबणाऱ्या चाकरमान्यांनी गावच्या शाळा बांधल्या, विहिरी खोदल्या, देवळांचे जीर्णोद्धार केले. मनीऑर्डरवर चालणारा प्रदेश अशी कोकणाची ओळखच होती. या मंडळांचे दप्तर ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल की, त्यात चार आण्यांची वर्गणीही नावानिशी लिहिलेली असे, वर्षाकाठी सभा भरे आणि हिशेब मोठ्याने वाचून दाखवला जाई. पै-पैशावरून वाद होत, पण त्या वादांमुळेच पुढच्या वर्षीची वर्गणी विश्वासाने जमा होई. 1982 च्या गिरणी संपानंतर हजारो घरांचा पैसा आटला, तरी गावाला देण्याची सवय मोडली नाही. कोकणी माणूस हिशेब विचारतो आणि मग देतो. हिशेब विचारणे हा त्याच्या देण्याचाच भाग आहे.

शिकून बाहेर पडलेल्याने मागे वळून द्यावे, ही रीतही आपल्याकडे जुनी आहे. दापोली तालुक्यातील मुरूडचे धोंडो केशव कर्वे मोठ्या शहरात गेले, तरी गावासाठी त्यांनी ‘मुरूड फंड’ उभा केला. त्याच तालुक्यातील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यापुढे सरकारी नोकरीच्या मोठ्या वाटा खुल्या असताना ते जेथे शिकले त्या फर्ग्युसन महाविद्यालयात अल्प वेतनावर परत आले आणि सुमारे दोन दशके तेथे प्राचार्य राहिले. त्यांनी आपल्या महाविद्यालयाला दिले ते आयुष्याचे सर्वांत उमेदीचे दिवस. आजच्या ठरावातील रकमेची अट लावली असती, तर रँग्लर परांजपे त्या गौरवाला पात्र ठरले नसते.

येथे माझी दुसरी तक्रार सुरू होते, ती यशाच्या व्याख्येविषयी. देणगीची रक्कम हीच यशाची खूण, असे ठरवून मंडळाने आपल्याच विद्यार्थ्यांच्या मोठ्या वर्गाला अपयशी ठरवले आहे. 2023 मध्ये नंदन नीलेकणी यांनी आयआयटी मुंबईला 315 कोटी रुपये दिले. 1973 मध्ये तेथे प्रवेश घेतल्याला 50 वर्षे झाल्याच्या निमित्ताने ती देणगी होती. अशी बातमी वाचली की प्रत्येक संस्थेला आपल्याही वाट्याला असा कोणी यावा असे वाटते, आणि त्यात गैर काही नाही. पण आपले विद्यार्थी कोण आहेत हे आपण पाहिले पाहिजे. आपल्याकडून शिकून गेलेला मुलगा तलाठी होतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो, पोलीस होतो, व्यापारी जहाजावर जातो, कुवेत-दुबईत एखाद्या दुकानाचे हिशेब लिहितो. मुलगी परिचारिका होते, पतसंस्थेत लागते, घरगुती खानावळ किंवा पर्यटकांसाठी न्याहारी-निवास चालवते. काहीजण आंबा-काजूच्या बागेत परततात. हापूसला ऑक्टोबर 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यावर त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी कशी करायची, पेटीवर काय छापायचे, दलालाला टाळून थेट ग्राहकापर्यंत कसे पोहोचायचे हे आमच्या एका माजी विद्यार्थ्याने स्वतः शिकून घेतले आणि तालुक्यातील लहान बागायतदारांना घरोघरी जाऊन शिकवले. त्याच्या हंगामाचे गणित पावसावर, थ्रिप्स किडीवर आणि मोहरावर अवलंबून असते. मंडळाने ठरवलेली रक्कम एका वेळी काढून देणे त्याला कदाचित कधीच जमणार नाही. त्याला यशस्वी म्हणायला आपल्याला रकमेचा आधार का लागावा, हे मला समजत नाही.

तिसरी तक्रार शनिवारच्या मार्गदर्शन वर्गांविषयी आहे. माजी विद्यार्थी सुट्टीवर आले की शनिवारी दुपारी येऊन विद्यार्थ्यांशी आपल्या कामाविषयी बोलत. गेल्या वर्षापासून ‘बाहेरच्या व्यक्तींना’ वर्गखोली वापरायची असेल तर भाडे भरावे लागेल असा नियम झाला आणि हे वर्ग बंद पडले. बाहेरच्या व्यक्ती म्हणजे आम्ही. या वर्गांत काय होत असे, याची दोन उदाहरणे देते. जहाजावर अधिकारी असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने मुलांना दाखवले की, जहाजावर नोकरी देतो म्हणणाऱ्या कोणत्याही एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा भरती परवाना असावा लागतो, तो परवाना क्रमांक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतो, आणि नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेणे हेच मुळात बेकायदेशीर आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या किती घरांनी जमीन गहाण ठेवून, आईचे दागिने मोडून अशा एजंटांना पैसे दिले, हे आपल्याला सांगायला नको. त्या एका दुपारनंतर निदान त्या वर्गातल्या मुलांना काय विचारायचे ते कळले. दुसरे उदाहरण माझे स्वतःचे. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला पायाभूत परीक्षा न देता थेट पुढच्या टप्प्यापासून सनदी लेखापाल होण्याची वाट असते, हे मला अशाच वर्गाला आलेल्या एका ताईंनी सांगितले. आज त्यासाठी 55 टक्के गुण लागतात, आणि आपल्या महाविद्यालयात तेवढे गुण मिळवणाऱ्या मुलामुलींपैकी पुष्कळांना ही वाट असते हेच माहीत नसते. शिक्षक मनापासून शिकवतात, पण ज्या वाटेवरून ते स्वतः गेले नाहीत तिच्यावरचे खाचखळगे त्यांनी कसे सांगावेत? आम्ही त्या वाटांवरून आलो आहोत. वर्गखोलीचे भाडे भरून ते सांगण्याची आमची तयारी आहे, पण आम्हाला बाहेरचे म्हटले जावे हे आम्ही स्वीकारणार नाही.

आखातातील माजी विद्यार्थ्यांच्या बाबतीत झालेली हयगय तर सहज टाळता आली असती. दापोली, खेड, गुहागर, श्रीवर्धन, म्हसळा या भागांतील कितीतरी घरांचा चरितार्थ पिढ्यानुपिढ्या आखातातील नोकऱ्यांवर चालतो. त्यांतील अनेकांनी निधीला पैसे पाठवू का म्हणून विचारले, तेव्हा कार्यालयाने ‘परदेशी पैसा घेता येत नाही’ असे उत्तर दिले. हे उत्तर चुकीचे आहे. 2010 च्या परकीय योगदान नियमन कायद्याचे बंधन परकीय नागरिकांच्या आणि परकीय संस्थांच्या पैशावर आहे. भारतीय पारपत्र बाळगणारा नागरिक परदेशात नोकरी करून स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने देणगी पाठवत असेल, तर ती परकीय योगदान ठरत नाही. आखाती देशांत आपल्या माणसांना तेथील नागरिकत्व सहसा मिळतच नाही. ते भारतीयच राहतात. ज्यांनी अमेरिका किंवा इंग्लंडचे नागरिकत्व घेतले आहे त्यांच्याकडून देणगी घेण्यासाठी मात्र संस्थेला त्या कायद्याखाली नोंदणी करावी लागेल, आणि तेवढी तयारी असेल तर तीही करता येते. एक साधा प्रश्न एखाद्या जाणकाराला विचारला असता तरी कित्येकांची नाराजी टळली असती. पावत्यांचेही असेच आहे. देणगीवरील प्राप्तिकर सवलतीसाठी देणगीदाराला ठरलेल्या नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते आणि 2,000 रुपयांहून अधिक रोख देणगीवर ही सवलत मिळत नाही. आपले कार्यालय रोखीचा आग्रह धरते आणि प्रमाणपत्रे वर्ष उलटले तरी देत नाही. देणाऱ्याला त्रास न होणे, एवढी तरी काळजी संस्थेने घ्यायला हवी.

माजी विद्यार्थिनींचा विषय मला विशेष लागतो. महाविद्यालयाच्या नोंदवहीत आमची नावे माहेरची आहेत आणि पत्ते वडिलांच्या घरचे. लग्नानंतर नाव बदलले, गाव बदलले, आणि त्यानंतर महाविद्यालयाकडून आम्हाला कधी काही आले नाही. सुवर्णमहोत्सवाची निमंत्रणेही त्याच जुन्या पत्त्यांवर गेली. अनेक घरांत आता आईवडील नाहीत, भावाने घर बंद करून मुंबई गाठली आहे. ज्या गौरव समितीने ‘यशस्वी’ विद्यार्थ्यांची पहिली यादी केली, तिच्या यादीत स्त्रियांची नावे शोधावी लागतात. समितीच्या मनात भेदभाव असेल असे मी म्हणत नाही. नोंदवहीच अशी असेल, तर यादी वेगळी होणार नाही. वर्गातील मैत्रिणींच्या मदतीने नोंदी अद्ययावत करण्याचे काम आम्ही काहीजणी विनामूल्य करायला तयार आहोत, हे आम्ही लेखी कळवले आहे.

आणखी एक गोष्ट थोडक्यात. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या राष्ट्रीय परिषदेच्या मूल्यांकनात नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघटना आहे का आणि तिचे योगदान काय, याचा स्वतंत्र निकष आहे. त्या निकषाखाली आपल्या अहवालात आमच्या संघटनेचे आणि कामांचे वर्णन सविस्तर येते. प्रत्यक्षात संघटनेची सर्वसाधारण सभा कित्येक वर्षांत बोलावलेली नाही. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असावी लागते, तिच्यावरील स्थानिक सदस्यांपैकी किमान एक माजी विद्यार्थी असावा लागतो आणि वर्षातून किमान 4 बैठका व्हाव्या लागतात. आपल्या समितीवर माजी विद्यार्थी म्हणून कोण आहेत, ते कसे निवडले गेले आणि निधीच्या ठरावावर त्यांनी काय मत दिले, हे आम्हाला कोणीही सांगितलेले नाही. अहवालात आमचे नाव असेल, तर निर्णयातही आमचा आवाज असला पाहिजे.

मेळावेही जानेवारीतील कामाच्या दिवशी ठेवले जातात. मुंबईकर त्या वेळी येऊ शकत नाहीत. गौरी-गणपतीला आणि शिमग्याला सारे कोकण घरी असते; विसर्जनानंतरचा एक दिवस ठेवला तर मेळाव्यात बसायला जागा उरणार नाही. 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात बोटीवरची माणसे मोकळी असतात आणि तेव्हाच नव्या वर्षाचे वर्ग सुरू होतात. मत्स्यव्यवसायात असलेल्या माजी विद्यार्थ्यांना त्या वेळी बोलवा. आंब्याच्या ऐन हंगामात बागायतदाराला बोलावू नका. एवढे समजण्यासाठी तज्ज्ञ नेमण्याची गरज नाही.

सभागृहाला आमचा विरोध नाही. पावसाळ्यात मुलांना कार्यक्रमासाठी जागा नसते, हे आम्हीही अनुभवले आहे. त्यासाठी वेगळा निधी उघडा, उद्देश स्पष्ट लिहा, अंदाजपत्रक लोकांसमोर ठेवा. आमच्यापैकी अनेकजण त्यातही देतील आणि मीही देईन. कमानीविषयी माझे मत वेगळे आहे: ती या घडीला आवश्यक नाही. पण ज्यांना ती हवी आहे त्यांनी तिच्यासाठी म्हणून पैसे गोळा केले, तर मी त्याच्या आड येणार नाही.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. विद्यार्थी साहाय्य निधी सर्वसाधारण खात्यात वर्ग करण्याचा ठराव मंडळाने लेखी मागे घ्यावा आणि काही रक्कम आधीच वर्ग झाली असल्यास ती मूळ खात्यात परत जमा करावी. या निधीचे मागील 5 वर्षांचे जमाखर्च, लाभार्थ्यांची नावे वगळून, सूचना फलकावर लावावेत. निधीच्या वापराचा निर्णय प्राचार्य, एक शिक्षक आणि माजी विद्यार्थ्यांनी सभेत निवडलेले सदस्य यांच्या समितीने घ्यावा, आणि त्या निवडलेल्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात. गौरवासाठी देणगीच्या रकमेची अट काढून टाकावी. शनिवारचे वर्ग भाड्याशिवाय पुन्हा सुरू करावेत. भारतीय पारपत्रधारकांच्या परदेशातून येणाऱ्या देणग्या रीतसर स्वीकाराव्यात आणि प्रमाणपत्रे वेळेत द्यावीत. महाविद्यालय विकास समितीवरील माजी विद्यार्थ्याचे नाव जाहीर करावे व पुढील नेमणूक करताना संघटनेचे मत घ्यावे. संघटनेची सर्वसाधारण सभा येत्या गणेशोत्सवात, गौरी विसर्जनानंतर बोलवावी.

याखेरीज एक विनंती केवळ आपल्याला नाही, तर हे पत्र वाचणाऱ्या सर्व माजी विद्यार्थ्यांना आहे. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) नोंदणीकृत पदवीधरांच्या 10 जागा असतात आणि त्यांची निवड पदवीधरच करतात. कोकणातून पदवी घेतलेल्यांनी ही नोंदणी करावी. मुंबईत बसून सावंतवाडीच्या किंवा मंडणगडच्या विद्यार्थ्याची अडचण कोणालाही आपोआप कळणार नाही.

या पत्राचे उत्तर मंडळाने पुढील बैठकीनंतर लेखी द्यावे आणि ते सूचना फलकावरही लावावे. दरम्यान या सत्राच्या परीक्षा अर्जांची मुदत जवळ आली आहे, आणि ठरावामुळे निधीचे खाते गोठवले गेल्याने यंदा कोणालाही मदत झालेली नाही. ज्यांचे शुल्क भरायचे राहिले आहे अशा विद्यार्थ्यांची संख्या आणि एकूण रक्कम प्राचार्यांनी आम्हाला कळवावी. नावे कळवण्याची गरज नाही. ती रक्कम आम्ही माजी विद्यार्थी मुदतीच्या आत महाविद्यालयाच्या शुल्क खिडकीवर धनादेशाने भरू, आणि त्याची पावती ‘परीक्षा शुल्कासाठी’ असा उद्देश लिहून द्यावी.

आपली विश्वासू,
वाणिज्य शाखेची एक माजी विद्यार्थिनी,
चिपळूण